अप्पांनी जपून ठेवलेले बूट

अप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत कीमन होते. रेल्वेबाहेरच्या माणसाला हे नाव कळत नाही, म्हणून आधीच सांगते. रुळाला खाली आडव्या टाकलेल्या स्लीपरशी धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात, कधी निसटून पडतात. कीमननं रोज सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून ठरलेल्या टप्प्यातून चालत जायचं, एकेक चावी बघायची, ढिली असेल ती ठोकून बसवायची आणि दुसऱ्या रुळावर नजर ठेवून परत यायचं. जाताना सहा किलोमीटर, येताना सहा. अप्पांनी किनवटकडच्या लाईनवर, सागाच्या जंगलातून, तिसेक वर्षं हे काम केलं.

ते चालणं रस्त्यावरचं नव्हतं. रुळाच्या दोन्ही अंगांना गिट्टी पसरलेली असते. काळी, धारेची. तिच्यावर पाय कधी सपाट पडत नाही, प्रत्येक पावलाला घोटा वेगळ्याच बाजूला वळतो. कामासाठी त्यांच्याकडे काळे, जाड तळाचे बूट असत. बूट पक्के होते, त्यांचा दोष नव्हता. अप्पांचा पायच अवघड. लांबीला लहान आणि पुढून भाकरीसारखा रुंद. सात नंबर घेतला की करंगळीला चावायचा, आठ घेतला की टाच आतल्या आत खेळून सोलून निघायची. त्यांनी सात नंबरच धरला. करंगळी एकच, टाचेवर मात्र सगळं अंग उभं, असा त्यांचा हिशोब.

संध्याकाळी घरी आले की उंबऱ्यावर बसूनच ते बूट काढायचे. आत यायचे ते नंतर. माय परातीत कोमट पाणी आणि मूठभर मीठ घालून आणायची.

"काय ते रोजचं," अप्पा म्हणायचे. "पाय हाय, सोन्याचा हाय का?"

"सोन्याचा असता तर मोडून नवा नसता का केला," माय म्हणायची आणि परात पुढं सरकवायची.

आमचं क्वार्टर एका लहान स्टेशनाजवळ होतं. तिथं शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं पाचवीला मला किनवटच्या निवासी शाळेत घातलं आणि मी वसतिगृहात राहू लागले. तिथं आमच्या खेळाच्या सरांनी मला पळताना बघितलं. त्यांनी मला पलीकडच्या इमारतीतून हजेरीपट आणायला पाठवलं होतं. ते खुर्ची ओढून बसायच्या आत मी परत आले. सरांनी हजेरीपट बाजूला ठेवला आणि विचारलं, "न थांबता मैदानाला किती फेऱ्या मारशील?" मी म्हटलं, "तुम्ही थांब म्हणेपर्यंत." तेव्हापासून मी पंधराशे मीटर पळायला लागले.

पळायची ती अनवाणी. मैदान मुरमाचं होतं, कुठल्या वळणावर कुठला खडा वर आलाय हे पायांना पाठ झालेलं. नववीत मी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडले गेले तेव्हा सरांनी कुठूनसे बूट मिळवून आणले. निळे, पळायच्या सरावाचे. कॉलेजात पळणाऱ्या कुणा ताईंचे, त्यांनी पळणं सोडलं म्हणून राहिलेले.

"थोडे वापरलेले हायत," सर म्हणाले. "बसले तर तुझे."

बसले. लेस बांधून मी अर्धी फेरी मारली आणि थांबले. सरांना वाटलं, चावतायत. तसं काही नव्हतं. खाली जमीनच लागत नव्हती. टाच पडायची, आत किंचित दबायची आणि कुणीतरी हळूच वर उचलून द्यावं तशी पुढं जायची. ओळखीचा एकही खडा टोचला नाही. त्या दिवशी वसतिगृहातल्या सगळ्या मुलींनी आळीपाळीनं ते बूट घालून व्हरांड्यात चकरा मारल्या. ज्यांना ते मोठे होत होते त्यांनीही.

स्पर्धेच्या आधी चार दिवसांची सुट्टी होती. मी बूट घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारामागं दात घासत उभी होते आणि अप्पा अंगणात होते. मी दिसत नाही असं बघून त्यांनी माझ्या बुटात एक पाय घातला. मग दुसरा घातला. मला सात नंबर, त्यांनाही सात, पण हे बूट पुढून जाळीचे होते आणि जाळी त्यांच्या पायाबरोबर पसरत होती. लेस न बांधताच ते हापशापर्यंत गेले, वळले, परत आले. मग पुन्हा गेले. चौदा वर्षांची होईपर्यंत मी अप्पांना काही कारण नसताना चालताना कधी बघितलं नव्हतं.

"आज ड्यूटीवर हेच घालून जावा," मी दारातून म्हणाले.

ते दचकले. "तुझे पळायचे हायत ते."

"एक दिवसानं काय होतंय?"

"जावा की," माय आतून म्हणाली. "एवढं पोरगी म्हणून राहिली तर."

ते गेले. संध्याकाळी माय भाकऱ्या थापता थापता उठून दाराशी आली आणि मला बोलावलं. "चाल बघ त्यांची," ती म्हणाली. लाईनच्या बाजूनं अप्पा येत होते. हातोडा नेहमीच्याच खांद्यावर होता, पण एरवी ते शेवटच्या टप्प्यात मान खाली घालून पाऊल मोजल्यासारखे यायचे, तसे येत नव्हते. उंबऱ्यावर न बसता ते सरळ आत आले.

"पाय हायत का न्हाईत, तेच कळलं न्हाई आज," ते म्हणाले. "कापसाच्या ढिगातून चालल्यावानी वाटलं." आणि हसले. त्या दिवशी परात निघाली नाही.

मग धूळ झटकायला त्यांनी बूट उलटा केला आणि त्यांचं हसू गेलं. तळाचं रबर पुढच्या बाजूला गिट्टीनं कापलं होतं, बोटभर. वरचा मऊ थर आणि रबर यांच्यात फट पडली होती. त्यांनी दुसरा बूट उलटा केला, तो जरा बरा होता. पहिला पुन्हा हातात घेतला.

"काही झालं न्हाई अप्पा," मी म्हटलं. "एवढ्यानं काय होतंय."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी लवकर आटोपून ते दुपारच्या गाडीनं किनवटला गेले, बुटाला सोल्युशन लावून घेतलं, कडेनं दोऱ्याची शिलाई मारून घेतली आणि आणून माझ्यापुढं ठेवले. बूट धुतलेलेसुद्धा होते.

"बघ बरं, कळतंय का?"

मी घालून उड्या मारल्या. "काहीच कळत न्हाई." आणि खरंच काही कळत नव्हतं.

स्पर्धा नांदेडला होती. अप्पांनी रजा टाकली. माझी शर्यत बघायला ते पहिल्यांदाच आले होते. मैदानाच्या कडेला भिंतीच्या सावलीत, धुतलेला सदरा घालून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसले होते. मी तिसरी आले. पहिल्या दोघी पुढं विभागाच्या स्पर्धेला लातूरला जाणार होत्या, तिसरी नाही. मी थोडी रडले, मग अप्पांच्या डब्यातले धपाटे खाल्ले आणि भूक भागली तसं दुःखही कमी झालं. त्या वयात असंच असतं. अप्पा मात्र परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर ते माझ्या कुठल्याच शर्यतीला आले नाहीत. दहावीत मी जिल्ह्यात पहिली आले, बारावीपर्यंत दोनदा विभागाच्या स्पर्धेला गेले. दर वेळी मी विचारायची, ते म्हणायचे, "रजा न्हाई भेटत." त्यांना रजा मिळत होती हे मला माहीत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की त्या दिवशी मी हरले त्याची त्यांना लाज वाटली असणार. किंवा हाफ पँट घालून चारचौघांत पळणारी मुलगी त्यांना आवडत नसेल. विचारलं मात्र कधीच नाही. आमच्याकडं बाप-लेकीत अशा गोष्टी विचारत नसत.

पुढं मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि लातूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. पहिला पगार हातात आला तेव्हा काय घ्यायचं याचा मला विचार करावा लागला नाही. आधीच्या सुट्टीत मी अप्पांना कोऱ्या कागदावर उभं करून पेन्सिलीनं दोन्ही पायांची कड काढून घेतली होती. "काय गं, पायाचे फोटो काढून राहिली का?" असं ते म्हणाले होते. तो कागद घेऊन मी लातूरच्या दुकानात गेले. दुकानदारानं कागद काउंटरवर पसरला, तीन-चार प्रकारचे बूट त्याच्यावर ठेवून बघितले आणि पुढून रुंद असलेला एक करडा जोड काढून दिला. आत हात घातला तर माझी बोटं खाली दबली आणि परत वर आली. मी माझ्यासाठीसुद्धा कधी एवढे चांगले बूट घेतले नव्हते.

अप्पांनी खोकं उघडलं, आधी वास घेतला. मग घालून घरातल्या सतरंजीवर दोन चकरा मारल्या. अंगणात गेले नाहीत.

"लई मऊ हायत," ते म्हणाले.

"उद्यापासून हेच घाला."

"हाव, घालतो."

त्यांनी ते काढले, वर्तमानपत्राचे बोळे करून आत भरले, खोक्यात ठेवले आणि खोकं लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात सारलं. दुसऱ्या दिवशी काळेच बूट घालून कामाला गेले.

मी फोनवर विचारलं की काही ना काही कारण निघायचं. पावसाळा संपू दे. कुणाचं लग्न निघालं की घालतो. लग्न व्हायचं आणि ते चपलेवर जाऊन यायचे. माझ्या लग्नातही त्यांनी नवीन चप्पल घेतली. मला राग यायचा, मग मी विषय सोडून द्यायची. माय सांगायची, "दर दिवाळीला काढतेत, फडक्यानं पुसतेत, आतले कागद बदलतेत आन् परत ठेवतेत. तुझ्या बुटाचा सण करून राहिलेत."

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी लातूरहून गेले होते. ऑफिसात छोटा कार्यक्रम होता, हार होता, शाल होती. अप्पा तेच काळे बूट पॉलिश करून निघाले. तेव्हा मात्र मी बोलले. "मी आणलेल्या गोष्टीची तुम्हाला किंमतच न्हाई का? आज तरी घालायचे."

"तसं न्हाई, बाई," एवढंच ते म्हणाले. माय मध्ये पडली आणि आम्ही निघालो. कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही. नुसते हात जोडले.

निवृत्तीनंतर दोघं नांदेडला आले. दोन खोल्यांचं लहानसं घर, शेजार चांगला. पण चालणं थांबलं आणि अप्पांची टाच उठली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की कुणीतरी आतून खिळा ठोकतंय असं व्हायचं. भिंतीला धरून ते मोरीपर्यंत जायचे. डॉक्टरांनी सांगितलं, टाचेखालची शीर सुजली आहे. रोज थोडं सपाट जमिनीवर चाला, व्यायाम करा, पण मऊ तळाचे बूट घालून. कडक काही घालायचं नाही, अनवाणी तर बिलकूल नाही.

हे कळल्यावर मी सुट्टी काढून नांदेडला गेले. सकाळी खुर्ची ठेवून कपाटाच्या वरच्या खणातलं खोकं मीच खाली काढलं. नऊ वर्षं झाली होती. बूट जसेच्या तसे होते. करडा रंग जराही उतरला नव्हता, लेससुद्धा पांढरीशुभ्र.

"आता ऐकायचं," मी म्हटलं आणि जमिनीवर बसून त्यांच्या पायात ते घातले, लेस बांधली. ते वरून माझ्या डोक्याकडं बघत होते.

"जपून बांध," ते म्हणाले.

घराजवळ एक मैदान आहे, त्याच्या कडेनं लोक फिरतात. आम्ही सावकाश निघालो. पहिली फेरी बरी झाली. "मऊ हाय," ते म्हणाले. "टाच दुखून न्हाई राहिली." मला एवढं बरं वाटलं की मी बडबडायला लागले. दुसऱ्या फेरीत मागून येणाऱ्या एका बाईंनी आवाज दिला, "काका, तुमच्या बुटातून काहीतरी पडायलंय."

आम्ही मागं बघितलं. वाटेवर करड्या रंगाचा भुगा सांडला होता. पेंडीसारखा, जरा चिकट. आम्ही आलो त्या सगळ्या वाटेवर त्याची रेघ होती. अप्पांनी पाय उचलला तर तळाचं रबर खालीच राहिलं. दुसरा पाय उचलला तर त्याची टाच लोंबायला लागली. मधला मऊ थर हातात घेतला की बोटांत कुस्करत होता.

मला आधी हसू आलं. मग मी अप्पांकडं बघितलं आणि ते थांबलं. ते बाकावर बसले होते. दोन्ही सुटलेले तळ त्यांनी मांडीवर घेतले होते आणि भुगा पुन्हा जागेवर बसतो का बघत होते.

"मी काही केलं न्हाई गं," ते म्हणाले. "नीट ठेवले होते. पाणी लागू दिलं न्हाई, ऊन लागू दिलं न्हाई."

"तुमचं काय चुकलं, अप्पा? बूटच तो."

"माझ्या पायाचाच गुण हाय. तुझे बूट माझ्या पायात टिकत न्हाईत. तवाबी तसंच झालं."

"तवा कधी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "नांदेडला पळायला आलती तू. मी आदल्या हप्त्यात तुझा बूट गिट्टीवर घालून कापून आणला. तुझी ती शर्यत गेली. लातूरला जायची होती तू. तिसरी आली." तळाची कड चाचपत ते म्हणाले, "तिथं बसून मी तुझ्या पायाकडंच बघत होतो. शेवटच्या फेरीत तू मागं पडली, तवा कळलं मला, शिलाई सुटली म्हणून."

मी त्यांच्या शेजारी बसले. वीसेक वर्षं हा माणूस ती शिलाई घेऊन फिरत होता.

"शिलाई सुटलीच न्हाई, अप्पा," मी म्हटलं. "तो बूट मी पुढं वर्षभर घातला. तुम्ही शिवून आणलेला भाग शेवटपर्यंत तसाच होता. दुसऱ्याच बाजूनं फाटला तो."

"मग मागं कामून पडली?"

आता मला खरं सांगावं लागलं. "दम संपला. पहिल्या दोन फेऱ्या मी वेड्यासारखी पळाले. सर बाहेरून ओरडत होते, हळू, हळू म्हणून. ऐकलं न्हाई."

"कामून?"

"तुम्ही बघत होता ना. भिंतीपाशी बसला होता. तुमच्यासमोरून जाताना पुढं असावं वाटत होतं."

अप्पांनी मांडीवरचे तळ बाकावर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे शेवटी माझ्यामुळंच." आणि त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. मीही हसले. मघाच्या त्या बाई पुढची फेरी मारून येत होत्या. बाप-लेक फाटके बूट घेऊन हसत बसलेत म्हणून त्या जरा लांबूनच गेल्या.

"म्हणून तुम्ही शर्यतीला यायचं बंद केलं?" मी विचारलं.

"माझी नजर लागती म्हणलं. उगी कशाला."

त्यांना अनवाणी चालायची बंदी होती. मी माझे बूट काढले आणि त्यांच्यापुढं ठेवले. ते नको नको म्हणाले, पण दुसरा इलाज नव्हता. ते माझ्या बुटात आणि मी नुसत्या मोज्यांवर, असे आम्ही मैदानाबाहेर आलो.

फाटकाशी बूट शिवणारे एक काका बसतात. अप्पांनी त्यांना सुटलेले तळ दाखवले. काकांनी थोडा भुगा चिमटीत घेऊन चोळला.

"घेऊन किती वर्षं झाले?"

"नऊ."

"आन् घातले किती दिवस?"

"आजच."

काकांनी अप्पांकडं बघितलं. "अहो, हा फोम बसून सडतो. हवेतली ओल खातो, आतून पीठ होतंय त्याचं. रोज घातले असते तर दोन-तीन वर्षं आरामात चालले असते. वरचं कापड बघा, कोरं हाय."

"ठेवले म्हणून गेले?"

"हाव."

"शिवून होतेत का?"

"कशाला शिवू? मधलं सगळं गेलंय."

त्यांनी दोन्ही बूट कागदात बांधून परत दिले. अप्पांनी ते काखेत मारले. वाटेतल्या कचऱ्याच्या डब्यापाशी ते थांबले, थोडा वेळ उभे राहिले आणि टाकून दिले. मग हात झटकून म्हणाले, "चल."

संध्याकाळी आम्ही बाजारात नवे बूट घ्यायला गेलो. दुकानातल्या मुलीनं चार जोड पुढं ठेवले. अप्पांनी एकेक हातात घेतला. मधून वाकवून बघितला. तळाची कड नखानं उचकटून बघितली. मग बोटाच्या पेरानं टाचेवर टकटक केलं आणि बूट कानाजवळ नेला.

"काय ऐकून राहिलात, काका?" मुलीनं विचारलं.

"ढिलं वाजतंय का बघतो."

ती हसायला लागली. मग तिनं समजावून सांगितलं. हा जोड जरा कडक आहे, पण तळ लवकर झिजत नाही. आणि हा मऊ आहे, टाचेला आराम आहे, पण रोज चाललात तर वर्षभरात बदलावा लागेल. "तुम्हाला काय पाहिजे, टिकाऊ का मऊ?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या घरात आयुष्यभर टिकाऊच आलं होतं. दप्तर टिकाऊ, छत्री टिकाऊ, लग्नातली पैठणीसुद्धा मायनं टिकेल अशी बघून घेतली होती. मी मधे बोलणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "मऊ दे. टिकाऊ लई घातले."

त्यांनी ते दुकानातच घातले आणि घालूनच बाहेर आले. बाजारात चिखल होता. मी त्यांच्याकडं बघितलं, ते चिखल बघून वळसा घालतील म्हणून. त्यांनी थोडा घातला, फार नाही.

टाच लगेच बरी झाली असं नाही. सहा महिने लागले, आणि अजूनही थंडीत सकाळी दोन पावलं लंगडतातच. पण रोज चालतात. दहा महिन्यांनी एका दुपारी शाळेत मला फोन आला. मधल्या सुट्टीत मी तो घेतला.

"बाई, फाटला," अप्पा म्हणाले. आवाज एवढा खूश होता की मला आधी कळेना काय झालं. "करंगळीपाशी जाळी फाटली. तळ बी गुळगुळीत झाला, आरशावानी. दहा महिन्यांत!"

"मग नवीन घ्या."

"घेऊनच आलो. मायलाबी घेतला एक."

मागून मायचा आवाज आला, "लुगड्याखाली बूट. लोक हसतील म्हणलं मी ह्यांना."

"लोकाच्या टाचा दुखत न्हाईत म्हणावं," अप्पा फोनपासून तोंड फिरवून म्हणाले.

यंदा संक्रांतीनंतर दोघं आठ दिवस राहायला माझ्याकडं लातूरला आले. अप्पांना एसटी चालत नाही, रेल्वेनंच यायचं असतं. लातूरचं स्टेशन गावाबाहेर आहे, म्हणून मी गाडीच्या वेळेला स्कूटर घेऊन गेले. माय पिशव्यांच्या ढिगाशेजारी फलाटावर एकटीच बसली होती. नव्या पांढऱ्या बुटात, पाय पुढं लांब करून.

"अप्पा कुठंयत?"

"गेले चालत. म्हणले, गाडीत बसून अंग आंबलं."

"एवढ्या लांब? रस्ता तरी माहीत हाय का?"

"विचारत जातो म्हणले. चल, ह्या पिशव्या धर. त्यांच्यासाठी कुठं थांबती."

आम्ही घरी आलो, चहा झाला, मायनं पाय धुतले. तासभर झाला तरी अप्पांचा पत्ता नाही. फोन लावला तर मायच्या पिशवीतच वाजला. मी स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडणार, तेवढ्यात फाटक वाजलं. अप्पा घामानं भिजले होते. एका हातात पेरू भरलेली पिशवी होती, शर्टाची वरची गुंडी सुटलेली.

"चुकलो होतो," ते म्हणाले. "लई आत गेलो एका कॉलनीत. चांगली माणसं भेटली. चहा घ्या म्हणले."

"आणि टाच?"

त्यांनी खुर्चीवर बसून पाय पुढं केला, बुटासकट इकडं तिकडं फिरवून बघितला. "हाय जागेवर." मग एक पेरू माझ्या हातात दिला आणि विचारलं, "इथली माणसं सकाळी चालायला कुठं जातेत?"

मी सांगितलं. मैदान आहे, पण तीन किलोमीटर लांब.

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि लेस सोडायला वाकले.